शब्दापाशी थांबणारी नजर

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात निघोजे नावाचे गाव आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) पारनेर तालुक्यात निघोज. पहिले इंद्रायणीच्या काठचे, ज्याच्या शिवारात आता मोटारींचे कारखाने उभे आहेत. दुसरे कुकडीच्या काठचे, नदीपात्रातल्या रांजणखळग्यांसाठी ख्यातनाम. कागदावर या दोहोंत फरक आहे तो एका मात्रेचा. परंतु बातमीत आधी ‘चाकण’ हा शब्द येऊन गेला असेल, तर ती मात्रा वाचकाच्या नजरेने धड पाहिलेलीही नसते. अपेक्षित शब्दावर नजर कमी वेळ टिकते, पुष्कळदा त्यावर टेकतही नाही, आणि अशा शब्दातली छपाईची चूकही वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही, असे एर्लिक आणि रेनर यांनी १९८१ सालीच दाखवून दिले होते. मुद्रितशोधन करणाऱ्या कोणालाही हे प्रयोगावाचून ठाऊक असते, हा भाग निराळा.

नजर ओळीवरून घरंगळत जाते, अशी आपली सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात ती झेपा घेते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत या झेपांची नोंद झाली. पुढे एडमंड ह्यूई यांनी वाचकाच्या डोळ्यावर प्लास्टरची बारीक वाटी बसवून तिच्या हालचाली टिपल्या, आणि १९०८ साली वाचनाच्या मानसशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज हे काम कॅमेरा करतो, आणि वाचकाला त्याचा काही त्रासही होत नाही. इंग्रजीच्या सराईत वाचकाची नजर एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, मग सात ते नऊ अक्षरे ओलांडून पुढे टेकते. झेप चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही. जे वाचायचे ते थांब्यावरच. दहा-पंधरा टक्के झेपा मागे जाणाऱ्या असतात. शब्द विरळ वापरातला असेल तर थांबा लांबतो, परिचयाचा असेल तर आखूड होतो. डोक्यात शब्दावर जे काम चालले आहे त्याची सावली अशी डोळ्यात पडते, आणि म्हणूनच मनाच्या या खोलीत डोकावण्यासाठी संशोधकांना डोळ्याची खिडकी सापडली.

हे सगळे साहित्याच्या अभ्यासकाने का वाचावे, असा प्रश्न येईलच. आमचे म्हणणे असे की, मराठीचे लेखननियम, मराठीचे अध्यापन आणि मराठी वाचणाऱ्याची परीक्षा या तिन्हींविषयी आपण शंभर-दीडशे वर्षे हिरीरीने भांडत आलो. व्याकरण काय म्हणते, परंपरा काय म्हणते, उच्चार काय म्हणतो हे सगळे विचारून झाले. ज्याने ते वाचायचे त्याच्या नजरेला मात्र कोणी साक्षीला बोलावले नाही. आणि या दुर्लक्षाची किंमत विद्वान मोजत नाहीत. ती शाळेतली मुले मोजतात.

आधी लिपीकडे पाहू. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, परंतु लिहिला जातो आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचकांना असे शब्द उच्चारायला अधिक वेळ लागल्याचे आढळले. तो प्रयोग उच्चाराला लागणाऱ्या वेळेचा होता, नजरेच्या मागाचा नव्हता. तरी दिसणारा क्रम आणि ऐकू येणारा क्रम जुळत नसेल तर वाचकाला जुळवणी करावी लागते, एवढे त्यातून निघते. मराठीत या जुळवणीच्या जागा आणखी आहेत. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोरी. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर. ते अंतर र-काराच्या एका बारक्या वळणावर लटकलेले असते. हिंदीतून देवनागरी शिकून आलेल्या मुलाने हे वळण पूर्वी पाहिलेलेच नसते. त्याला अक्षरओळख आहे, असे आपण म्हणतो. ती आहेही, पण ती दुसऱ्या भाषेच्या सवयीने घडलेली आहे.

आता अनुस्वाराचे जुने भांडण. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि ‘नांव’ हे ‘नाव’ झाले. उच्चारात नाही ते लिहायचे कशाला, हा युक्तिवाद सोपा होता, आणि आम्हांला तो बव्हंशी मान्यही आहे. परंतु त्यामुळे माणसाचे नाव आणि पाण्यातली नाव यांचे रूप एक झाले. अशा द्व्यर्थी शब्दांचे नजरेपुढे काय होते, हे रेनर आणि डफी यांनी १९८६ साली इंग्रजीत तपासले. ज्या शब्दाचे दोन अर्थ सारख्याच वापरातले असतात त्यावर नजर जास्त थांबते. एक अर्थ नेहमीचा आणि दुसरा क्वचितचा असेल तर शब्दावर नजर अडत नाही. पुढे वाक्याने क्वचितचा अर्थ मागितला की मग खोळंबा होतो. आपले ‘नाव’ या दुसऱ्या वर्गातले. ‘त्याची नाव’ इथपर्यंत ‘त्याची’ हा स्त्रीलिंगी शब्द वाचकाला सांभाळून घेईल; ‘नाव मिळेना’ एवढ्यावर कोणी सांभाळणार नाही. अनुस्वारवादी म्हणत होते की अनुस्वार अर्थभेद दाखवतो. अनुस्वारविरोधी म्हणत होते की अर्थ संदर्भाने कळतो. दोघेही बरोबर असू शकतात, कारण खरा प्रश्न संदर्भ शब्दाच्या आधी येतो की नंतर, हा आहे. तो कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

परंतु मराठी नजरेची खरी कसोटी लागते ती लांब शब्दात. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितो. ‘कारखान्यासमोरच्या’ हा एक शब्द. त्यात नाम, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि पुन्हा प्रत्यय. फिनिश भाषेतल्या लांबलचक सामासिक शब्दांवर युक्का ह्युओना आणि पोलाट्सेक यांनी १९९८ साली केलेल्या कामात दिसले की, असा शब्द नजर एका घासात गिळत नाही. पहिले पद किती वापरातले आहे त्यावर सुरुवातीचे थांबे ठरतात. उईघुर भाषेवरचा २०१४ चा अभ्यास तर आणखी बोलका आहे: शब्दाला प्रत्यय अधिक असतील तर नजर त्याच्या आरंभाच्या अधिक जवळ टेकते. म्हणजे नजर टेकण्याआधीच, डोळ्याच्या कडेने, शब्दाच्या घडणीचा काही अंदाज आलेला असतो. मराठीत या अंदाजाला सामान्यरूपाची मोठीच मदत होत असावी, असे आम्हांला वाटते. ‘कारखान्या’ एवढे दिसताच पुढे काही जोडलेले आहे हे सराईत वाचकाला कळते, कारण ‘कारखान्या’ एकटे उभे राहूच शकत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात जो निव्वळ पाठांतराचा विषय म्हणून मुलांच्या माथी मारला जातो, तो वाचताना वाटाड्याचे काम करतो.

आता हे वाक्य पाहा: ‘गावातल्या मुलांना नदीपलीकडच्या शाळेबद्दल विचारले.’ पाच शब्द. हेच हिंदीत लिहू: ‘गाँव के बच्चों से नदी पार के स्कूल के बारे में पूछा गया’. तेरा शब्द. लिपी तीच, आशय तोच. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले गेले. मिनिटाला साठ शब्द म्हणजे सेकंदाला एक. वरचे हिंदी वाक्य त्या गतीने वाचायला तेरा सेकंद मिळतात आणि मराठी वाक्याला पाच. एनसीईआरटीने २०२२ च्या पायाभूत अध्ययनाच्या पाहणीत भाषागणिक वेगळे निकष लावले, हे योग्यच झाले. तरी मोजण्याचे एकक शब्द हेच राहिले. मग कोणी म्हणेल, मराठीचे साठ म्हणजे हिंदीचे दीडशे धरा. तेही खरे नाही. ‘के’, ‘से’, ‘में’ यांसारख्या चिमुकल्या, हमखास येणाऱ्या शब्दांवर नजर पुष्कळदा थांबतच नाही, त्यामुळे तेरा शब्दांचे कष्ट तेरा पट नसतात. शब्द मोजून वाचनाचे कष्ट मोजता येत नाहीत, मराठीत तर नाहीच नाही. निदान अक्षरे मोजावीत. त्यातही जोडाक्षरांचा हिशेब वेगळा ठेवावा.

निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या शाळांच्या वर्गात मराठवाड्यातून आलेले मूल, उत्तर प्रदेश-बिहारकडचे मूल आणि मूळ गावकऱ्याचे मूल एका बाकावर असते. उत्तरेकडचे मूल ‘शाळेबद्दल’ या शब्दाशी येते तेव्हा त्याला ‘ळ’ नवा, ‘शाळा’चे ‘शाळे’ होणे नवे, आणि प्रत्यय सुटा न लिहिता चिकटवणे नवे. ते शब्दाच्या मध्यापर्यंत जाते, थबकते, पुन्हा आरंभाला येते. गुरुजी घड्याळाकडे पाहत असतात. त्या माघारीची नोंद ‘अडखळत वाचतो’ अशी होते. नव्या वाचकाचे थांबे लांब असतात आणि माघारीही अधिक असतात, हे कोणत्याही भाषेत दिसते; पण या मुलाच्या माघारीत आणखी एक गोष्ट घडते आहे. ते शब्दाचे तुकडे पाडून त्याची घडण शोधते आहे. मराठी नीट शिकणाऱ्याने जे करायला हवे, तेच.

साहित्याच्या वर्गातही आपण फारसे वेगळे वागत नाही. कविता झरझर म्हणून दाखवणारा विद्यार्थी आपल्याला तयारीचा वाटतो. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली नजरेच्या हालचालींवरून वाचकाला उपरोध कळला की नाही, हे संगणकाकडून ओळखवून घेण्याचा प्रयत्न केला. वक्रोक्तीवर शतकानुशतके लिहीत आलेल्या परंपरेला यात रस वाटायला हवा. उपरोधात शब्दार्थ आणि अभिप्राय यांची विसंगती असते, आणि विसंगती दिसली की नजर रेंगाळते, मागे वळते. सरळ वाचत गेलेल्याला टोमणा कळला नसण्याचीच शक्यता अधिक.

इथे एक आक्षेप आम्हीच नोंदवतो. नजर किती वेळ थांबली हे यंत्र सांगते. का थांबली हे सांगत नाही. न कळणाऱ्या शब्दावर थांबलेला आणि आवडलेल्या शब्दावर थांबलेला, दोघांची मिलिसेकंदे सारखी येऊ शकतात. पाठ असलेल्याची गोष्ट आणखी निराळी. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, याच इंद्रायणीच्या काठी, ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या कित्येक वृद्धांना वर्तमानपत्र वाचायला जड जाते आणि ओवी मात्र धारेसारखी येते. मोठ्याने वाचताना नजर आवाजाच्या पुढे धावत असते, हे बसवेल यांनी १९२० साली मोजून दाखवले. पारायणात ती पुढे धावते की स्मरणाच्या मागून नुसती हजेरी लावत येते? याला वाचन म्हणायचे की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा ते मोजलेले आम्हांला आवडेल.

हिंदीचे असे काम झाले आहे. समर हुसेन, श्रवण वशिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५ साली पॉट्सडॅम-अलाहाबाद नेत्रनोंद संग्रहाच्या आधारे निबंध लिहिला. त्यात तीस वाचक आणि एकशे त्रेपन्न वाक्ये. वाक्यात पुढे काय येणार याची अपेक्षा आणि लांबवरचे शब्द जुळवण्याचे ओझे, या दोहोंच्या खुणा त्या वाचकांच्या नजरेत सापडल्या. मराठीसाठी असा संग्रह करताना विद्यापीठाच्या आवारातले विद्यार्थी सहज मिळतात म्हणून त्यांच्यावरच भागवू नये. निघोज्याच्या शाळेतले तिसरीचे मूल, पाळी बदलताना फलकावरची सूचना वाचणारा कामगार, आणि पारायणाला बसणाऱ्या एखाद्या आजी, यांनाही कॅमेऱ्यासमोर बसवावे. आणि तिघांनाही वाचायला दिलेल्या उताऱ्यात ‘दऱ्या’ हा शब्द असावा.