कालव्याकाठची सायकलवाट: अर्धे काम बाकी

दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी १६८१मध्ये वाहतुकीला खुला झाला. पिएर-पॉल रिके यांनी आखलेला हा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा तुलूझपासून भूमध्य सागराकाठच्या खाडीपर्यंत जातो. काठावरच्या ज्या वाटेवरून घोडे नावा ओढत, तिथून आज सायकली धावतात.

मालवाहतूक संपल्यावरही हा कालवा जिवंत राहिला, यात पर्यटकांचा वाटा मोठा आहे. फ्रान्समध्ये ‘आकेय वेलो’ हे मानांकन मिळवणाऱ्या निवासांना सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते. सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची अवजारेही द्यावी लागतात. प्रवाशाचा पैसा त्यामुळे खेड्यात पोहोचतो.

पण वाट सगळीकडे सारखी नाही. तुलूझहून निघताना डांबरी रस्ता लागतो. पुढे पूर्वेला कच्ची पायवाट, वर आलेली मुळे आणि पावसात चिखल. सामानाने लादलेली सायकल तिथे हाताने ढकलावी लागते.

त्याहून मोठा घाव काठावर सावली देणाऱ्या झाडांवर बसला. २००६मध्ये इथे प्लेन वृक्षांवर बुरशीजन्य रोग आढळला. त्यावर खात्रीचा इलाज नाही. हजारो झाडे तोडून जाळावी लागली. नव्या लागवडीत ओकसह वेगवेगळ्या जाती आहेत, हे शहाणपणाचेच. एकाच जातीची रांग एका रोगाने आडवी होते.

१९९६पासून जागतिक वारसा असलेल्या या कालव्यासाठी सावली आणि वाट यांचा खर्च एकाच आराखड्यात, एकाच वेळी मंजूर व्हायला हवा. त्यात पहिला हक्क पूर्वेकडच्या कच्च्या टप्प्याचा आहे.