साचेखात्याच्या छपरावरील काचा बंद करू नयेत : चौथे निवेदन

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
कलावंत वसाहत, गिरणी आवार

विषय : साचेखात्याच्या काचांवर पत्रे ठोकण्याचे काम तातडीने थांबवण्याबाबत.
संदर्भ : आमची यापूर्वीची तीन निवेदने व गेल्या पावसाळ्याआधीची संयुक्त पाहणी.

महोदय,

आधीच्या तिन्ही निवेदनांवर आपल्या कार्यालयाचे शिक्के आहेत. उत्तर एकालाही नाही.

गिरणगावातल्या या आवारात कलावंतांची वसाहत करायचे ठरले, तेव्हा साचेखाते चित्रकार, शिल्पकार आणि छापचित्रकारांना देण्यामागे कारण होते. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे. प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेला, उतरती बाजू दक्षिणेला. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. साचेवाल्याला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही रचना. रंगाची खरी छटा ओळखायला चित्रकारालाही हाच उजेड लागतो. नवीन काही बांधायचेच नव्हते. काचा पुसायच्या, फुटलेल्या बदलायच्या, गळती काढायची, एवढेच काम होते.

संयुक्त पाहणीत आपल्या अभियंत्यांनी हे मान्य केले. काचांना हात लागणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. पाहणीचे इतिवृत्त आठ दिवसांत देणार होते, ते आजवर आलेले नाही. दिवाळीनंतर पहिल्या चार ओळींवर पत्रे मात्र चढले. कारण विचारले तर गळतीचे सांगितले गेले. पाणी काचेतून येतच नाही, ते दोन दात्यांमधल्या तुंबलेल्या पन्हळीतून येते, हे आम्ही पहिल्याच निवेदनात छायाचित्रांसह लिहिले होते. पन्हळ अजून तुंबलेलीच आहे. आता आत फॉल्स सीलिंगची मापे घेणे सुरू आहे. म्हणजे भर दुपारी दिवे लावून चित्रे काढायची, त्याचे बिल गाळेधारकांनी भरायचे, आणि उंच शिल्पे करायचीच नाहीत. मग कलावंतांसाठी ही जागा निवडली तरी कशाला?

जर्मनीत लाइपझिगला १८८४ साली सुरू झालेल्या कापूस गिरणीत आज सुमारे शंभर कलावंत काम करतात. हे उदाहरण आपल्याच सादरीकरणात होते.

चढवलेले पत्रे काढावेत, पन्हळी साफ कराव्यात आणि फॉल्स सीलिंग रद्द करावे. शिल्पकारांना थ्री-फेज वीज, मातीकामाच्या नळाखाली गाळ अडवणारी टाकी आणि रात्री दहापर्यंत उघडे फाटक, या मागण्याही जुन्याच आहेत. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले. त्या गिरणगावात शाहिरी-भजनाच्या तालमींसाठी कापडाचे एक रिकामे गोदाम मिळावे.

पाचव्या ओळीचे काम येत्या सोमवारी सुरू होणार, असे ठेकेदाराची माणसे सांगतात. त्याआधी लेखी स्थगिती द्यावी. आणि आपण स्वतः एकदा सकाळी येऊन पत्र्याखालची चौथी ओळ आणि काचेखालची पाचवी ओळ शेजारी शेजारी पाहावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
साचेखात्यातील गाळेधारक कलावंत