सुई टोचली, गाठ आली नाही; म्हणजे गाय निरोगी?

दुभती गाय घ्यायची म्हटली की आपल्याकडे सारे घर कामाला लागते. कास बघतात, दात बघतात, दोन वेळची धार काढून बघतात. जाणता माणूस आणखी एक प्रश्न विचारतो, ‘टीबीची तपासणी केलीय का?’ प्रश्न उत्तमच. पण ‘केलीय, काही निघालं नाही’ या उत्तरावर किती विसंबायचे?

क्षय हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे. हा आजार जनावरापुरता राहत नाही. बाधित गायीच्या कच्च्या दुधातून तो माणसालाही होऊ शकतो.

गायीच्या तपासणीची मुख्य पद्धत जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन पुढे आणले ते क्षयावरचे औषध म्हणून. औषध म्हणून ते फसले, निदानासाठी मात्र टिकले. मानेच्या कातडीत ते थोडेसे टोचतात आणि ७२ तासांनी कातडीची जाडी पुन्हा मोजतात. साध्या चाचणीत ती ४ मिलिमीटर किंवा जास्त वाढली, तर गाय बाधित धरतात.

मेख इथेच आहे. ही चाचणी जंतू दाखवत नाही. शरीराने जंतू ओळखला आहे का, एवढेच सांगते. लागण झाल्यावर ही ओळख पटायला काही आठवडे जातात, तोवर गाठ येत नाही. उलट आजार फार बळावला की शरीरच थकते आणि तेव्हाही गाठ येत नाही. म्हणजे गोठ्यातली सर्वांत आजारी गायच कधी कधी तपासणीत पास होते! ब्रिटनमधल्या सरकारी पशुवैद्यकांच्या हिशेबाने तिथल्या नेहमीच्या चाचणीतही पाचांतले साधारण एक बाधित जनावर निसटते.

आणखी एक गोष्ट आपल्या फार कामाची. व्याल्यानंतरचे काही आठवडे ही प्रतिक्रिया मंदावू शकते. आणि आपण बाजारातून आणतो ती बहुधा नुकती व्यालेली, वासरू पायाशी असलेलीच गाय!

उलटी चूकही होते. माती-पाण्यातल्या निरुपद्रवी भाऊबंद जंतूंमुळे किंवा ‘जोन्स’ नावाच्या जुनाट हगवणीच्या रोगामुळे निरोगी गायीलाही गाठ येऊ शकते. म्हणून शंका असेल तर पक्ष्यांच्या क्षयाचे ट्यूबरक्युलिन शेजारी टोचून दोन्ही गाठींची तुलना करतात. गॅमा इंटरफेरॉन ही रक्ताची तपासणी काही निसटलेली जनावरे पकडते. पण ती महाग आहे आणि रक्त ताजे असतानाच प्रयोगशाळेत पोहोचावे लागते.

मग चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियाने १९७० पासून मोहीम राबवून १९९७ मध्ये देश गायींच्या क्षयातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. पण तिथे एका सुईवर भागवले नाही. कळपच्या कळप पुन:पुन्हा तपासले, बाधित जनावरे काढून टाकली आणि कत्तलखान्यातही रोगाच्या खुणा शोधून मूळ कळप गाठला. आपल्याकडे अशी देशव्यापी मोहीम नाही, त्यामुळे सावधगिरी घरानेच घ्यायची.

नवी गाय काही दिवस वेगळी बांधा. मागची सुई कधी टोचली होती, हे मालकाला विचारा. लागोपाठ टोचल्यानेही प्रतिक्रिया दबते, म्हणून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या आणि तीही शक्यतो साऱ्या गोठ्याची. गाय खोकत असेल, खाऊनही वाळत असेल, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला क्षयाचे उपचार चालू असतील, तर गोठ्यात गुरे आहेत हे त्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.

आणि दूध? धारोष्ण म्हणा की ‘हसि हालु’ म्हणा, कच्चे दूध मुलांना देऊ नका. गाय नापास होवो की पास, दुधाला चांगली उकळी आणल्याशिवाय ते पेल्यात ओतायचे नाही. उकळीत हा जंतू मरतो. तपासणीच्या नजरेतून सुटलेला जंतूसुद्धा चुलीवर सुटत नाही.