पिशवी काढण्याआधी

हंगाम सुरू झाला की सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. मराठवाड्यातून आलेल्या बाया पहाटेच फडात उतरतात. बीड जिल्ह्यात अशा कितीतरी जणींची गर्भाशयं ऐन तारुण्यात काढली गेल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर ‘पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणाले, असं अनेकींनी सांगितलं.

कॅन्सर असा होत नाही. तो कसा होतो हे कळायला आधी पेशीतलं एक काम पाहू. पेशीला नको झालेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते, मग प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतो. हे कोडं उलगडणाऱ्या सिकॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कारखान्याच्या स्लिपबॉयची चिठ्ठी मिळाली की उसाची गाडी गव्हाणीकडे निघते, तसंच हे खुणेचं काम. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणू नेमकी इथेच लबाडी करतो. त्याचं ‘ई-६’ प्रथिन पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरतं आणि ‘पी-५३’ या राखणदारावर खोटी चिठ्ठी चिकटवतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणारा राखणदारच भरडला जातो.

पण बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. चिवटपणे टिकला तरी गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढ्या अवधीत त्याला गाठता येतं, हे आपल्याच मातीत सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची लसही आता आहे. ती ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी सर्वांत उपयोगी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पांढरं जाणं अनेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, त्यावर औषध आहे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर मात्र लगेच तपासून घ्यावं. तिशीपुढच्या प्रत्येक तोडणीवालीची चाचणी कोपीवरच व्हावी. नमुना ती स्वतःही घेऊ शकते. खर्च कारखाना आणि सरकारने वाटून घ्यावा, आणि त्या दिवसाचा खाडा मुकादमाने मांडू नये. गाळप आणि उतारा कारखाने रोज जाहीर करतात. त्याच्या शेजारी तपासलेल्या बायकांचा आकडाही लागला पाहिजे.

– सोमेश्वरनगरकर