प्लेट कोणासाठी?

माण तालुक्यात पोर पडणे नवे नाही. चिंचेवरून पडते, सायकलवरून पडते, तालमीत डाव फसला तरी पडते. खांद्यावर आपटले की बहुधा कॉलरबोन मोडते. मग ते दुसऱ्या हाताने कोपर सावरत, मान मोडक्या बाजूला कलती करून घरी येते. जाणता डॉक्टर दारातूनच ओळखतो. एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली की हाडाची दोन टोके एकमेकांवर चढलेली दिसतात आणि बापाचे धाबे दणाणते. ‘ऑपरेशन करून प्लेट टाकून घेऊ’ हे तिथेच, त्या फिल्मकडे बघून ठरते. पोराच्या बाबतीत हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

गर्भात सगळ्यात आधी घडू लागणारे हाड म्हणजे ही कॉलरबोनच आणि विशीनंतर, सगळ्यात शेवटी पूर्ण जुळणारेही हेच. लहान मुलाच्या हाडावरचे आवरण जाड असते. हाड मोडले तरी आवरण बरेचसे शाबूत राहते आणि त्याच्या आधाराने नवे हाड धरते. दहाच्या आतल्या पोराला झोळी आणि तीन-चार आठवडे पुरतात. मध्यंतरी जागेवर टणक गाठ येते. आजी ती दाबून बघते, ‘वाकडं बसलं’ म्हणते आणि हाडवैद्याकडे मालिशीला नेते. ती गाठ म्हणजेच जुळणारे हाड. वर्षभरात ती बरीचशी बसते. तिला चोळायचे कारण नाही.

खरा वाद आहे तो तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांचा. 2007 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात सरकलेल्या हाडाला प्लेट टाकलेल्या प्रौढांना फायदा दिसला आणि ती प्लेट हळूहळू शाळकरी पोरांच्या खांद्यावर आली. मग अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी 10 ते 18 वयाच्या, हाड पूर्ण सरकलेल्या मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. 2022 मध्ये निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेने खांद्याच्या कामात काही जास्तीचा फायदा नाही. उलट प्लेट टोचते, कधी ती काढायला पुन्हा टेबलावर जावे लागते.

तरी प्लेट का पडते? महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पॅकेजे मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांची आहेत. झोळी लावून घरी पाठवण्याचे फारसे पैसे मिळत नाहीत. योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलेला बाप मेंढ्या विकतो. सगळे डॉक्टर लोभी आहेत असे आम्ही म्हणत नाही. अनेकदा घरचेच हट्ट धरतात. पण हिशेबच असा मांडला आहे की काही न करण्याला किंमत नाही.

अपवाद आहेत. हाड कातडी फोडून बाहेर आले, टोकावर कातडी ताणून पांढरी पडली, हात बधिर किंवा गार झाला, छातीकडचे टोक आत दबून श्वास वा घास अडला, तर त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. एरवी डॉक्टरला एवढेच विचारावे: ‘झोळीवर ठेवले तर काय बिघडेल?’ नेमके उत्तर मिळाले तर खुशाल प्लेट टाकावी. आणि झोळी सुटली म्हणून पोराला लगेच तालमीत उतरवू नये. कुस्तीसाठी तीनेक महिने थांबावेच लागते.