केंद्र, गोल आणि एस्फेरा : आकाशाच्या शब्दांचा हिशेब

१/ मढच्या टोकावरचा लहानसा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३९ साली तो मराठ्यांच्या हाती आला. त्याच्या लढाईविषयी, बुरुजांविषयी पुष्कळ बोलले जाते. ज्या राजसत्तेने तो बांधला, तिच्या बोधचिन्हाविषयी मात्र क्वचितच. ते चिन्ह होते आकाशाचा गोल.

२/ पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल (राज्यकाल १४९५–१५२१) याने हे चिन्ह मिरवले. विषुववृत्त, क्रांतिवृत्त, अयनवृत्ते यांच्या कड्या एकमेकींत गुंफलेल्या आणि मधोमध पृथ्वी. पोर्तुगीज भाषेत हा 'एस्फेरा'. गोव्यात पाडलेल्या आरंभीच्या नाण्यांतही 'एस्फेरा' नावाचे एक नाणे होते. पोर्तुगालच्या ध्वजावर हा गोल आजही आहे.

३/ 'एस्फेरा'च्या मागे लॅटिन रूप आणि त्याच्याही मागे ग्रीक 'स्फाइरा'. मूळ अर्थ अगदी घरगुती : चेंडू. होमरच्या 'ओडिसी'त राजकन्या नौसिका सख्यांबरोबर नदीकाठी खेळते, तो हाच चेंडू. पुढे भूमितीने तो उचलला आणि मग खगोलशास्त्राने. इ. स. पू. चौथ्या शतकात ऑटोलिकसने 'फिरत्या गोला'वर ग्रंथ रचला, तोवर चेंडूचे आकाश झाले होते. कड्यांच्या गोलाला ग्रीक म्हणत 'क्रिकोती स्फाइरा'. 'क्रिकोस' म्हणजे कडी.

४/ या शब्दाबरोबर ती विद्याही या किनाऱ्यावर उतरली. १५३८ च्या हिवाळ्यात जुआंव द कास्त्रो हा दर्यावर्दी गोव्याहून दीवकडे निघाला. त्याने स्वतः 'एस्फेरा'वर ग्रंथ लिहिला होता. वसईच्या परिसरात होकायंत्राची सुई अकारण ढळते, हे त्याने टिपले आणि त्याचे कारण जवळच्या खडकांत शोधले. मढपासून वसई काही फार दूर नाही.

५/ परंतु ग्रीक आकाशाचे हे या भूमीवरचे पहिले आगमन नव्हे. त्याआधी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण ही बंदरे ग्रीक नाविकांना नावानिशी ठाऊक होती. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांचे लेख आजही वाचता येतात. त्याच शतकांत पश्चिम भारतातील ज्योतिषात ग्रीक शब्दांचा प्रवेश झाला.

६/ त्यातला सर्वांत यशस्वी शब्द म्हणजे 'केंद्र'. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारे टोक, बैलाला टोचण्याची पराणी. कंपासचे जे टोक कागदात रुतते आणि ज्याभोवती वर्तुळ फिरते, तेही केंट्रॉन. संस्कृतने तो शब्द घेतला. आज केंद्र सरकार, मतदान केंद्र, आरोग्य केंद्र असे म्हणताना कोणाही मराठी माणसाला तो परका वाटत नाही.

७/ 'होरा' ग्रीक 'होरा'वरून. इंग्रजीतला 'अवर' त्याचाच भाऊ. 'लिप्ता', म्हणजे अंशाचा साठावा भाग, 'लेप्टॉन'वरून. लग्नाचा मुहूर्त पाहताना जे 'जामित्र' तपासतात ते 'डायामेट्रॉस', म्हणजे व्यास, समोरासमोरचे स्थान. 'त्यांचा होरा चुकला' हे वाक्य अस्सल मराठी आहे, आणि त्यातील नाम ग्रीक.

८/ म्हणून सगळे ग्रीकांचेच, असा निष्कर्ष निघतो काय? नाही. 'केंद्र' उसना घेणाऱ्या ज्योतिष्यांनी 'स्फाइरा' घेतला नाही. त्यांच्यापाशी 'गोल' होता. ध्रुवासाठी ग्रीकांचा 'पोलोस' घेतला नाही. 'ध्रुव' हा शब्द होताच. उधारी झाली ती जेथे गरज होती तेथे, तेवढीच.

९/ तिसरा एक वर्ग आहे, आणि वादात तो नेहमी विसरला जातो. संस्कृत 'अक्ष' आणि ग्रीक 'अॅक्सॉन', संस्कृत 'चक्र' आणि ग्रीक 'क्युक्लोस'. येथे कोणी कोणाकडून काही घेतले नाही. ही एकाच प्राचीन घराण्याची वाटणी आहे. बैलगाडीचा 'आस' आणि 'चाक' हे शब्द त्याच वारशातले. साम्य दिसले की उसनवारी ठरवणे ही घाई आहे.

१०/ या तिन्ही प्रकारांचा मेळ महाराष्ट्राच्याच एका ग्रंथकारात दिसतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० ची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

११/ 'गोलाध्याया'त भास्कराचार्य बांबूच्या सरळ काड्या वाकवून आकाशगोल कसा बांधावा, हे सांगतात. खगोल, भगोल हे तेथील शब्द इथलेच. ग्रहगणितात मात्र 'केंद्र' पावलोपावली येते. ग्रंथ एकच, देशी गोल, ग्रीक केंद्र, सामाईक अक्ष. त्यामुळे त्यांच्या प्रज्ञेला तसूभरही उणेपण आले नाही.

१२/ वराहमिहिराने, सहाव्या शतकात, या प्रश्नाचा निवाडा केलेला होता. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य ठरतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. त्याच वराहमिहिराने 'होरा'ची एक देशी व्युत्पत्तीही नोंदवली : 'अहोरात्र' शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळावे. आदर आणि आपलेसे करण्याची ओढ, दोन्ही एकाच लेखणीत.

१३/ आणि ग्रीक तरी स्वयंभू कोठे होते? 'पोलोस' आणि 'ग्नोमोन' ही कालमापनाची साधने बाबिलोनियनांकडून शिकलो, हे हेरोडोटसने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्या कबुलीने अथेन्सची उंची घटली नाही.

१४/ भाषाशुद्धीचा पक्ष पोकळ नाही. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यामागे स्वतंत्र राज्याची निकड होती. परंतु शब्द सोयीचा आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तो कोठून आला हे लपवणे ही वेगळी गोष्ट. शुद्धीच्या चाळणीतून 'सेंटर' गळतो आणि 'केंद्र' वर राहतो. दोघांचा आजा एकच असतो. अशा चाळणीने भाषा शुद्ध होत नाही, केवळ विस्मृती वाढते.

१५/ आज दोन आरोळ्या ऐकू येतात : 'सर्व आमचेच' आणि 'सर्व उसने'. दोन्ही आळसातून येतात, कारण दोन्हींत एकेका शब्दाचा माग काढण्याचे कष्ट वाचतात. शाळेच्या भूमितीच्या पुस्तकात 'केंद्र' शब्दाखाली एक ओळ छापली, की हा शब्द बैलाच्या पराणीपासून येथवर कसा आला, तर मुलांना वर्तुळाबरोबर इतिहासही कळेल.

१६/ मढच्या किनाऱ्यावर ग्रीक आकाश दोन वाटांनी आले. एक वाट तलवारीची होती. 'एस्फेरा' त्या वाटेने आला आणि सत्तेबरोबर निघून गेला; मराठीत तो रुजला नाही. दुसरी वाट अभ्यासाची. त्या वाटेने आलेला 'केंद्र' अठराशे वर्षांनंतरही येथेच आहे. शब्दाने कोठे रुजावे हे तोफा ठरवत नाहीत.