खाकी खुंटीला टांगून या

आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई. नवरा तुरुंगात शिपाई. लग्नाला अकरा वर्षे झालेली, मारहाण पहिल्या वर्षापासूनची. चौकीत दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा अदखलपात्र नोंद करून तिला घरी पाठवले गेले. पहिल्या भेटीत ती आमच्याशी तासभर बोलली. एकदा सुरू झाल्यावर थांबवत नव्हते तिला. रीतीप्रमाणे आम्ही नवऱ्याला पत्र पाठवून बोलावले. तो ठरलेल्या वेळी आला. कडक इस्त्रीचा गणवेश, कमरेला पट्टा, हातात टोपी. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. टोपी टेबलावर ठेवली आणि बसला. ती बाई त्या दिवशी पाच वाक्येही बोलली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "राहू द्या ताई, बघू पुढे." त्या दिवशी त्याची सुट्टी होती, हे तिने आम्हाला नंतर सांगितले.

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी बायकोच्या तक्रारीला उत्तर द्यायला येताना माणूस गणवेश का चढवतो? उत्तर तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. आपापल्या केंद्रांत, कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात, भाड्याच्या खोलीवरून होणाऱ्या भांडणात आपण हे पाहिलेले आहे. तो गणवेश त्या ठिकाणी आपले काम चोख करतो. समोरच्या शिपायाला तो सांगतो, 'मी तुमच्यातला आहे.' बाईला सांगतो, 'तू कुठेही गेलीस तरी माझीच माणसे भेटतील.' आणि हे सगळे तोंडातून शब्द न काढता, म्हणजे ज्याची तक्रार करता येणार नाही अशा रीतीने.

तुरुंगातल्या शिपायाचा अधिकार कैद्यांपुरता असतो. रस्त्यावरच्या बाईला अडवून चौकशी करण्याचा, कुणाच्या घरात शिरण्याचा कोणताही खास अधिकार त्याला त्या नोकरीने दिलेला नाही. पण रस्त्यावरच्या बाईला हे कसे कळावे? तिला दिसते ती खाकी. खाकी पोलिसाची की तुरुंगाची की होमगार्डची, हे खांद्यावरची अक्षरे वाचून ठरवण्याइतकी उसंत भेदरलेल्या माणसाला नसते. पोलिसांच्या बाबतीत तर कायदाच आणखी पुढे जातो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ सांगते की पोलीस नेहमीच कामावर असल्याचे मानले जाईल. मानू या. मग ज्याचा अधिकार चोवीस तासांचा, त्याची जबाबदारीही चोवीस तासांची का नाही? अधिकार सांगताना 'मी सदैव कामावर' आणि गुन्हा घडल्यावर 'ती त्याची खाजगी बाब', हे दुटप्पीपण आपण किती काळ चालू द्यायचे?

या प्रश्नाशी आपल्या चळवळीचे जुने नाते आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आणि ८ मार्च १९८० चे देशभरातले मोर्चे, यांतून स्त्री-चळवळीची एक नवी लाट उभी राहिली. गणवेशासमोर बाई गप्प राहते म्हणजे तिची संमती असते असे नाही, ही साधी गोष्ट देशाला समजावून सांगायला आपल्याला रस्त्यावर उतरावे लागले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. शिवाय अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

पण त्या दुरुस्तीने एक रेघही आखली. पोलिसासाठी कडक शिक्षा केव्हा? तो आपल्या ठाण्याच्या हद्दीत असेल, कोणत्याही ठाण्याच्या आवारात असेल, किंवा बाई त्याच्या ताब्यात असेल तेव्हा. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यासाठी केव्हा? बाई त्याच तुरुंगातली बंदी असेल तेव्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्येही ही चौकट कायम आहे. हद्दीबाहेर, सुट्टीच्या दिवशी, गणवेशाच्या धाकाने जे घडते ते या चौकटीत बसत नाही. बाईवर ताबा किंवा वर्चस्व असणाऱ्या माणसाविषयीचे कलम २०१३ पासून आहे. पण असे वर्चस्व होते, हे आधी सरकार पक्षाला न्यायालयात पटवून द्यावे लागते.

याहून चांगला शब्दप्रयोग आपल्याच कायद्यात आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, काढून कलम ५ वाचा. तिथे पोलिसाच्या बाबतीत ठाण्याची हद्द आहेच. पण त्यापुढे जाऊन, तो 'पोलीस अधिकारी म्हणून ओळखला जातो' अशा ठिकाणी केलेला गुन्हाही अधिक गंभीर मानला आहे. म्हणजे कायदे करणाऱ्यांना धाक कशात असतो ते कळते! धाक हजेरीपटात नसतो, ओळखीत असतो. मग हे शहाणपण मूल अठरा वर्षांचे झाले की संपते का? आणि पॉक्सोमधले तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांविषयीचे पोटकलमही त्या तुरुंगातल्या मुलांपुरतेच का?

कुणी म्हणेल, हा कायद्याचा किस काढणे झाले. त्यांना लंडनची घटना आठवावी. मार्च २०२१ मध्ये तिथल्या महानगर पोलीस दलातल्या एका शिपायाने रात्री घरी चालत जाणाऱ्या ३३ वर्षांच्या स्त्रीला अडवले. तो कामावर नव्हता. त्याने आपले खरे ओळखपत्र दाखवले, खऱ्या बेड्या घातल्या, अटकेचे सोंग करून तिला गाडीत घातले आणि नंतर तिचा खून केला. त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. त्यानंतर दलाने बायकांना जे सल्ले दिले त्यांत एक असा होता की, शंका आली तर येणारी बस हात करून थांबवा. म्हणजे खबरदारी पुन्हा बाईनेच घ्यायची.

तोतया पोलिसासाठी आपल्याकडे कायदा आहे. सरकारी नोकर नसताना फसवण्यासाठी त्याचा वेश करणे हा गुन्हा आहे. पण खऱ्या शिपायाने खरा गणवेश खोट्या कामासाठी घातला तर ते कलम त्याला लागत नाही. ते सगळे वरिष्ठांच्या मर्जीवर आणि खात्याच्या शिस्तीवर सोडलेले आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही आपलीच आहे. तुरुंगातल्या आणि पोलिसातल्या किती तरी बायका पाळी संपवून रात्री गणवेशातच लोकल पकडतात. का, असे विचारले तर सांगतात, कपडे बदलायला धड जागा नाही, आणि खाकीत कुणी अंगचटीला येत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. शेजारच्या बाकावरची साडीतली बाई त्याच गाडीत, त्याच वेळी, तितकी सुरक्षित नसते, हेही खरे आहे. या बहिणींचा गणवेश काढून घेणे ही आपली मागणी असू शकत नाही. घर ते कामाची जागा हा प्रवास वेगळा, आणि खाजगी वादात गणवेश वापरणे वेगळे. कामाच्या ठिकाणी स्वच्छ, कडी असलेली कपडे बदलायची खोली मिळाली पाहिजे, ही मागणी त्यांच्या बरोबरीने आपण केली पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. एक, स्वतः पक्षकार असलेल्या प्रकरणात, मग ते कुटुंब न्यायालय असो, चौकी असो वा सल्ला केंद्र, पोलीस व कारागृह कर्मचाऱ्याने गणवेशात येऊ नये, असा लेखी आदेश दोन्ही खात्यांनी काढावा. दोन, पॉक्सोतली 'ओळखला जातो' ही तरतूद प्रौढ स्त्रियांसाठीही यावी आणि तीत कारागृह कर्मचारी धरले जावेत. तीन, अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची व हुद्द्याची पट्टी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात बजावले. हाच नियम गणवेश जिथे जिथे दिसेल तिथे लागू व्हावा.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? वस्तीतल्या बैठकीत बायकांना हे पाठ करून द्या: साक्षीदार म्हणून बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचे असते. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. गणवेश पाहून घाबरायला होणारच. तरी नाव, बिल्ला आणि वेळ लिहून ठेवा.

आमच्या केंद्रापुरता आम्ही एक नियम केला आहे. दारावरच पाटी लावली: 'येथे गणवेशात चर्चा होणार नाही.' ती बाई तीन महिन्यांनी परत आली. नवऱ्यालाही पुन्हा बोलावले. तो खाकीत आला, पाटी वाचली, कुरकुरत परत गेला आणि आठवड्याने साध्या शर्टात आला. त्या दिवशी ती बोलली. सगळे बोलली.

तुमच्या केंद्राच्या दारावर ही पाटी लागली की आम्हाला कळवा.